काटकसर समोरच्याची

बचत कोणी करावी, या प्रश्नावर मराठी घरांत कमालीचं एकमत आहे. ती दुसऱ्याने करावी. मतभेद असतो तो फक्त दुसरा म्हणजे कोण, यावर. नवऱ्याच्या मते बायकोने, बायकोच्या मते सासूने, सासूच्या मते हल्लीच्या मुलांनी आणि हल्लीच्या मुलांच्या मते अमेरिकेने.

यातून घरोघर आपोआप खातेवाटप होऊन जातं. शपथविधी नसतो, राज्यपाल लागत नाहीत, पण कोणतं खातं कोणाकडे आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे वीज बाबांकडे आहे. संध्याकाळी घरात शिरताना चपला काढायच्या आधी त्यांची नजर बटणांवरून फिरते. "आतल्या खोलीत कोण आहे? कोणी नाही? मग पंखा कोणाला वारा घालतोय?" या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही आणि त्यांचीही तशी अपेक्षा नसते. त्यांच्या वडिलांनी तो कंदिलाच्या वातीबद्दल विचारला होता, यांनी पंख्याबद्दल विचारला, एवढाच काय तो फरक. बाबांचं सगळं राजकारण शंभर युनिटांच्या रेषेभोवती चालतं. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे चढा दर. त्यामुळे महिना संपत आला की बाबा जिन्याखालच्या मीटरपाशी मोबाइलचा उजेड पाडून उभे असतात. तो मोबाइल ते ऑफिसातच चार्ज करून आणतात, हे वेगळं सांगायला नको.

याच बाबांना सकाळी दाढी करताना पाहावं. तोंडाला फेस, नजर आरशात, डोक्यात देशाची परराष्ट्रनीती, आणि खाली बेसिनचा नळ धो धो वाहतोय. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. दाढीला पाच मिनिटं धरली तरी दोन मोठ्या बादल्या झाल्या. पण हे बोलायची सोय नाही, कारण पाणी हे त्यांचं खातं नव्हे.

पाणी आजोबांचं. ते एका बादलीत अंघोळ करतात, त्यातच पंचा धुतात आणि तांब्याभर पाणी मागे राहिलंच तर ते अभिमानाने दाखवतात. त्यांच्या बोलण्यात १२ जुलै १९६१ ही तारीख आली की सगळ्यांनी मांडी घालून बसायचं असतं. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आणि पूर ओसरल्यावर त्याच शहराला प्यायला पाणी मिळेना. आधी पाण्यात बुडायचं आणि मग पाण्यासाठी वणवण करायची, असा दुहेरी मान फार कमी शहरांना मिळाला असेल. वाड्यातल्या आडावर लागलेल्या रांगेत आजोबा हाफ पँटीत उभे होते, म्हणून नळाखाली भांडं विसळताना धार करंगळीपेक्षा जाड दिसली तर अजूनही त्यांचा जीव कासावीस होतो. टीव्ही मात्र सकाळी आठला सुरू होतो तो रात्री अकराला मालवतो. मधले बरेच तास आजोबा त्याच्यासमोर घोरत असतात. आवाज न करता कोणी तो बंद केला, की त्याच क्षणी ते जागे होतात आणि म्हणतात, "बघतोय मी."

अन्न आईचं खातं. आईच्या राज्यात पदार्थाला मरण नाही. रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते, भाताचा फोडणीचा भात होतो, उरलेलं वरण थालीपिठाच्या पिठात अंतर्धान पावतं. दोडका आणला तर भाजी दोडक्याची आणि चटणी त्याच्या शिरांची. सालं, बिया, देठ, कोथिंबिरीच्या काड्या, कशालाही आमच्या स्वयंपाकघरातून सुखासुखी बाहेर पडता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. मी तो आईला वाचून दाखवला. तिने एकच प्रश्न विचारला, "कोणाकडे?"

प्रश्न खरा आहे. आमच्याकडे अन्न टाकलं जात नाही, ते फ्रिजमध्ये ठेवलं जातं. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला झाकण लावलेल्या वाट्या असतात. एकीत दोन चमचे कोशिंबीर, दुसरीत कोणत्या तरी सणाचं पुरण, तिसरीत काय आहे ते आता कोणालाच सांगता येत नाही. टाकलं तर वाया गेलं असं होईल, म्हणून आठ दिवस विजेच्या खर्चाने ते थंड ठेवायचं, आणि नवव्या दिवशी "खराब झालं" म्हणून टाकायचं. वाया जाणं आणि खराब होणं यांत नैतिकदृष्ट्या मोठा फरक आहे. पहिल्यात दोष आपला असतो, दुसऱ्यात हवेचा.

आजीकडे पिशव्या आहेत. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. त्या दिवशी जर आमच्या घरावर धाड पडली असती, तर पंचनामा लिहायला दुसऱ्या तालुक्यातून कारकून मागवावे लागले असते. ओट्याखालच्या दाराला एक पिशवी टांगलेली आहे, तिच्यात पिशव्या आहेत, त्या पिशव्यांत घड्या घातलेल्या आणखी पिशव्या आहेत. दुधाच्या पिशव्या धुऊन, आतून उलट्या करून, दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या जातात. लांबून पाहणाऱ्याला घरात तान्हं बाळ आहे असं वाटतं. आजोबांच्या बनियनचीही कारकीर्द आजीच ठरवते. अंगावरून उतरल्यावर ते ओटा पुसतं, मग फरशी, मग स्कूटर, आणि शेवटी माळ्यावरच्या पिंपाला बूच म्हणून बसतं. बोहारीण यायची तेव्हा जुन्या साड्यांवर तिची आणि आजीची दुपारभर घासाघीस चालायची. पातेलं किती घेतलं यापेक्षा बोहारीण शेवटी दमून "घ्या माय" म्हणाली, यात आजीला जास्त आनंद असायचा. आता बोहारीण दिसत नाही, आणि साड्यांची गाठोडी माळ्यावर पेन्शनीत गेल्यासारखी पडून आहेत.

धाकट्या बहिणीकडे पृथ्वी आहे. तिने घरात स्टीलचे स्ट्रॉ आणले. आमच्यापैकी कोणी स्ट्रॉने काहीच पीत नसल्यामुळे ते अजून नव्यासारखे आहेत. समुद्रातल्या कासवाच्या नाकात अडकलेल्या नळीचा व्हिडिओ तिने आजीला दाखवला, तेव्हा आजी खरोखर कळवळली आणि म्हणाली, "टाकली कशाला मेल्यांनी, धुऊन ठेवायची." हीच बहीण ऑनलाइन मागवते ती बोटभर लिपस्टिक हातभर खोक्यात येते. खोक्यात कागद, कागदात बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, त्यात पाकीट, पाकिटात डबी. लिपस्टिकची छटा आवडली नाही की तो सगळा लवाजमा टेम्पोत बसून परत जातो. बुडबुडे फोडायचं काम तेवढं आजोबांकडे असतं, कारण त्या वेळी टीव्हीवर जाहिराती असतात.

माझ्याकडे खातं नाही. मी बिलं भरतो.

हे खातेवाटप घराच्या उंबऱ्यात संपत नाही. ते इमारतीत आणि शहरातही तसंच चालतं, आणि त्याचा कळस पाहायचा असेल तर पुण्यात बुधवारी रात्री यावं. बुधवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो की देखभाल-दुरुस्तीच्या कामांमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. 'उशिरा व कमी दाबाने' हे शब्द पुणेकराच्या कानांवर पडले की त्याच्या रक्ताचा दाब वाढतो. मुळात उन्हाळ्यात इथल्या माणसाला स्वतःची साखर किती हे सांगता येणार नाही, पण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून आज किती टीएमसी उरलंय हे तो झोपेतही सांगेल. चारही धरणं भरली की साधारण २९ टीएमसी होतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, पण कमी झाला की जाणवतो.

तर निरोप आला की भरणं सुरू होतं. आधी पिंप, मग बादल्या, टब, हंडा, कळशी. त्यानंतर कुकर, पुऱ्या तळायची कढई, लग्नात आलेलं आणि तेव्हापासून खोक्यातच असलेलं सहा पेल्यांचं सरबताचं भांडं. एका घरात मी इडलीपात्राचे सगळे खळगे भरून ठेवलेले पाहिले आहेत. एवढ्या थोडक्या पाण्यात कोण काय करणार होतं, देव जाणे, पण रिकामं ठेवायचं नाही ही जिद्द होती. इमारतीच्या सगळ्या बिऱ्हाडांनी एकाच वेळी नळ सोडल्यामुळे गच्चीवरची टाकी रात्री दहालाच कोरडी पडते. मग ज्यांनी भरलं नाही त्यांच्याकडे ज्यांनी भरलं ते सहानुभूतीने पाहतात.

गुरुवारी माणूस एरवी वापरतो त्याहून कमी पाण्यात खरोखर दिवस काढतो. घासाघासात भांडी निघतात, अंघोळ अर्ध्या बादलीत होते, फरशीला सुट्टी मिळते. कोणाचं काही अडत नाही. हा शोध मोठा आहे, पण शुक्रवारपर्यंत टिकत नाही. शुक्रवारी पहाटे नळाने एकदा खाकरून घशातली हवा बाहेर टाकली की सगळी भांडी घडाघडा मोरीत ओतली जातात. का? शिळं झालं म्हणून. मागच्या पावसाळ्यात पडलेलं, धरणात महिनोन्‌महिने साठलेलं, कालव्यातून आणि नळांतून मैलोगणती प्रवास करून आलेलं पाणी ताजं असतं. आमच्या कळशीत एक रात्र काढली की ते शिळं होतं. बंदच्या दिवशी पाणी वाचवायचं म्हणून भरलं आणि चालूच्या दिवशी ताजं हवं म्हणून ओतलं. या दोन दिवसांचा एकत्र हिशेब कोणी केला, तर बंद न ठेवणंच स्वस्त पडलं असतं, असं मला वाटतं.

एकदा असाच शुक्रवार होता आणि लातूरहून आत्या आलेली होती. आई हंडा मोरीत उलटा करणार, तेवढ्यात आत्या दारात आली. काही बोलली नाही. तिने नुसता हंड्याला हात लावला.

लातूरच्या माणसाचा पाण्याच्या बाबतीत अधिकारच वेगळा असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. मग एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. पुढे डबे वाढले, खेपाही वाढल्या, पण पहिल्या गाडीचं कौतुक वेगळंच. आजोबांनी ताबडतोब भागाकार केला होता. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे त्या गाडीतलं पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास. बाबांच्या दाढीच्या हिशेबात आठ-दहा सेकंदं. हे आजोबांनी मोठ्याने म्हटलं होतं, आणि त्यानंतर चार दिवस वीज आणि पाणी ही दोन खाती एकमेकांशी बोलत नव्हती.

आत्या राहिली तेवढे दिवस तिने कोणालाही उपदेश केला नाही, हे मला फार विलक्षण वाटलं. तिने फक्त आमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राची मागची नळी शोधून काढली. ती नळी थेट सिंकमध्ये सोडलेली होती. ही यंत्रं एक लिटर गाळायला साधारण तीन लिटर बाहेर टाकतात, आणि पाण्यात क्षार फारसे नसतील तिथे त्यांची मुळी गरजच नसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पाचशेच्या आत टीडीएस असलेल्या पाण्याला ही यंत्रं बंद करा, असं सांगितलंही होतं. खडकवासल्याचं पाणी मुळातच गोडं. पण यंत्राला निळा दिवा आहे आणि तो पाहुण्यांना दिसतो. आत्याने त्या नळीखाली बादली ठेवली.

"वन्सं, राहू द्या हो, पाहुण्या तुम्ही," आई म्हणाली.

"मी कुठे काय करतेय वहिनी, बादलीच तर ठेवली."

संध्याकाळपर्यंत बादली भरली. त्या पाण्याने फरशी पुसून झाली, कुंड्यांना झालं, शिवाय स्कूटर धुऊन झाली, जी धुवायची वेळ वास्तविक आली नव्हती. आत्या गेल्यावर बादली मात्र राहिली, आणि घटनात्मक पेच उभा राहिला. बादली स्वयंपाकघरात आहे म्हणून आईची, पाण्याची आहे म्हणून आजोबांची, की यंत्र विजेवर चालतं म्हणून बाबांची? निर्णय होईपर्यंत ती भरून वाहत असते आणि बहीण तिचे फोटो काढते.

उपदेश न करणाऱ्या माणसांत आणखी एकाचं नाव घ्यायलाच हवं. मीरा रोडचे आबिद सुरती. 'धर्मयुग'मधला ढब्बूजी त्यांचा, इंद्रजाल कॉमिक्समधला बहादुर त्यांचा. चित्रकार, कथाकार, कादंबरीकार. मुंबईत डोंगरीला लहानपण गेलं, तिथे एकेका बादलीसाठी बायकांची भांडणं पाहिलेली. पुढे कधी तरी मित्राच्या घरी गळका नळ पाहिला आणि त्यांना राहवेना. २००७ मध्ये त्यांनी 'ड्रॉप डेड' नावाचं फाउंडेशन काढलं. त्यात मुख्य माणसं म्हणजे ते स्वतः आणि एक प्लंबर. दर रविवारी एखाद्या इमारतीत जायचं, दारं वाजवायची, नळ गळतो का विचारायचं आणि गळत असेल तर फुकट दुरुस्त करून द्यायचा. भाषण नाही, शपथ नाही, हिरवी टोपी नाही. व्यंगचित्रकाराला एवढं कळतं की माणूस आपल्यावर चाललेल्या भाषणाला कधीच हसत नाही आणि ऐकत तर त्याहून नाही. चार-दोन रुपयांचा वॉशर मात्र तो निमूट बसवू देतो.

हे मी आमच्या सोसायटीच्या सभेत सांगितलं. सर्वांना फार आवडलं. आधी तीन जणांनी सुरतींच्या स्तुतीपर संदेश ग्रुपवर टाकले, मग टपटप गळणाऱ्या नळाचं चित्र आणि खाली 'सुप्रभात' असा एक आला, मग तोच पुन्हा आला. पाणी वाचवण्याचं आवाहन करणारं पत्रक प्रत्येक घराला द्यायचं ठरलं. ते गुळगुळीत कागदावर, रंगीत आणि एकाच बाजूने छापलं, कारण दुसऱ्या बाजूला काय लिहायचं यावर एकमत झालं नाही. मागे रंगपंचमीलाही याच कमिटीने कोरड्या होळीचा ठराव केला होता, आणि ते कोरडे रंग काढायला एकेकाला तीन-तीन बादल्या लागल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी उठून आकडेवारी दिली. दिवसाचे सेकंद ८६,४००. सेकंदाला एक थेंब धरला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जातं. सगळे अवाक झाले. कोणी तरी विचारलं, हे इतकं नेमकं कसं? काका म्हणाले, त्यांच्या न्हाणीघरातला नळच तसा गळतो, त्यांनी खाली मापाचं भांडं ठेवलंय आणि रोज वहीत नोंद करतात. मग दुरुस्त का नाही केला? काकांनी विचारणाऱ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "नोंदीत खंड पडेल ना."

शेवटी एका रविवारी प्लंबर खरोखर आला. सेक्रेटरी त्याला घेऊन दारोदार फिरले, मीही मागे होतो. पहिल्या मजल्यावर सांगितलं, "आमच्याकडे काही नाही हो, वरच्यांकडे बघा, रात्रभर आवाज येतो." दुसऱ्या मजल्यानेही वरच बोट दाखवलं. तिसऱ्यावरचे काका दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, आमचं सोडा, चौथ्यावर जा. चौथ्यावर आजोबांनी प्लंबरला आत घेतलं, चहा दिला, पानशेत सांगितलं आणि आमचे नळ ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र स्वतःच देऊन टाकलं. पाचव्या मजल्याने हात वर केले, कारण त्यांच्या वर कोणी राहतच नाही. "गच्चीवर बघा."

गच्चीचं दार उघडलं. वर टाकी होती आणि टाकीच्या आडव्या पाइपातून मनगटाएवढी धार गच्चीवर पडत होती. कोपऱ्यात छान शेवाळ धरलं होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं. मोटार खाली वॉचमनने सुरू केली असणार, आणि बंद करायचं खातं कोणाचं हे ठरलेलं नसणार.

"ही गळती नाही," सेक्रेटरी पटकन म्हणाले, "हे ओव्हरफ्लो आहे."

प्लंबरने टाकीत डोकावून पाहिलं. "बॉलकॉक गेलाय साहेब. दहा मिनिटांचं काम. बदलू?"

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले. "ही टाकी कॉमन आहे. आधी तीन कोटेशन्स मागवावी लागतील."